अंथरुणात सापडलेला कोळी

माझ्या फाटकाशी येणारा अनोळखी माणूस बहुधा हातात बाटली घेऊन येतो. पाण्याची, खोकल्याच्या औषधाची, लोणच्याची. एक गृहस्थ तर स्टीलच्या डब्यात चपातीच्या तुकड्यासोबत कोळी घेऊन आले होते. चपाती कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "लांबून आलोय मॅडम, वाटंत त्याला भूक लागली तर?"

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. पेशी, बेडूक, झुरळ, अनुवंशशास्त्र, सगळं शिकवलं. पण गावात माझी ओळख उरली ती एकच, 'कोळीवाल्या मॅडम'. निवृत्तीनंतर तर महाविद्यालयाचं नावही गळून पडलं आणि एवढंच शिल्लक राहिलं.

या नावानं एकदा घोटाळाही केला. एक मध्यमवयीन गृहस्थ गेवराईकडून दोन बस बदलून माझ्याकडे आले. हातात बाटली नव्हती, कागदांची जाड पिशवी होती. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमी कोळ्यांवर लई अभ्यास केलाय म्हणं. माझ्या पोरीच्या जातपडताळणीला तुमचं एक पत्र पायजे." त्यांना वाटलं होतं मी कोळी समाजाची अभ्यासक आहे. मी त्यांना परसात नेऊन जास्वंदीवरचं जाळं दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "याला तर कुणी कागद मागत नसंल." हसायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून हसू आलं नाही. जेवायला घालून त्यांना परत बसमध्ये बसवून दिलं.

बाहेरच्या माणसाला माझं काम काय ते सांगायला हवं. सगळे कोळी जाळं विणत नाहीत. भिंतीवर उड्या मारणारे असतात, जमिनीवर पळून शिकार धरणारे असतात. मी ज्यांच्या मागे आयुष्य घातलं ते चक्रजाळी कोळी, म्हणजे सायकलच्या चाकासारखं गोल जाळं विणणारे. आधी चाकाच्या आऱ्यांसारखे कोरडे धागे, मग त्यांवरून गोलगोल फिरत जाणारा चिकट धागा. पाऊस सरल्यावर आपल्या कुणाच्याही परसात बघा, शेवग्याच्या दोन फांद्यांमध्ये, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात, धुण्याच्या तारेच्या खुंटीपाशी ही जाळी असतात. माझ्याच परसात मी डझनभर जातींचे कोळी ओळखले. कुणी जाळ्याच्या मधोमध पाय जोडून बसतो, कुणी शिकारीचा कचरा एका रेषेत रचून त्यातच कचऱ्यासारखा लपतो, एकाच्या पाठीवर काटे असतात.

ओळखायचं कसं? पहिल्यांदा जाळं बघायचं, किती उंचीवर आहे, उभं की आडवं. मग बसण्याची तऱ्हा. मग वेळ, काही कोळी दिवसाढवळ्या जाळ्यात असतात, काही संध्याकाळी विणायला घेतात आणि उजाडायच्या आत स्वतःचंच जाळं खाऊन पानाच्या गुंडाळीत जाऊन बसतात. मग पाठीवरची नक्षी आणि पोटाखालचे ठिपके. एवढ्यावर कूळ कळतं. नेमकी जात सांगायची तर मात्र मादीला अल्कोहोलमध्ये बुडवून मारावं लागतं आणि तिच्या पोटाखालची तांदळाच्या कणीपेक्षा लहान पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते. जिवंत कोळ्याचं पूर्ण नाव सांगता येत नाही. तरुणपणी मला यात वावगं वाटायचं नाही. माझ्या कपाटात त्या काळातल्या कुप्यांच्या रांगा आहेत. आता त्या पुसायला घेते तेव्हा मधेच थांबते.

गमतीचे लोकही पुष्कळ आले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार पाच-सहा माणसं घेऊन आला. त्याच्या हातात तोडलेली फांदी आणि फांदीवर एक लठ्ठ पिवळीकाळी आर्जिओपी. ही कोळीण जाळ्याच्या मध्यावर जाड पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांनी मोठी फुली काढते आणि त्या फुलीवर स्वतःचे पाय टेकून बसते. उमेदवाराचं म्हणणं, विरोधकांनी दारात करणी केली.

"फुली मारलीय बगा माझ्या नावावर."

"अहो, ही सगळीकडेच फुली मारते."

"मग माझ्याच दारात कावून?"

"तुमच्या दारात बोगनवेल आहे. तिच्यावर माशा येतात. माशांसाठी ही येते."

त्यानं माणसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बोगनवेल काढा बे." निवडणूक तो हरला. त्यानंतर बाजारात भेटला की तो मान वळवतो. मीच जणू मतं फिरवली.

असं लिहीत गेले तर हा लेख अशाच किश्श्यांनी भरेल आणि वाचणाऱ्यांना आवडेलही. दिवाळीच्या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा तसंच लिहायचं ठरवलं होतं. पण कागद घेऊन बसले की मला मंगलच आठवते. तेव्हा तिचंच सांगते.

मंगल माझी विद्यार्थिनी. बालाघाटच्या डोंगरातल्या एका वस्तीवरून एसटीनं यायची. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी एकच प्रकल्प द्यायचे, आपल्या परसातले कोळी ओळखा. बहुतेकजण एकमेकांच्या वह्या उतरवून काढत. मंगलनं मात्र महिनाभर घराच्या मागं बसून चौदा जाळ्यांची चित्रं काढली होती, रोजची, आणि प्रत्येकाखाली वेळ. एका चित्राखाली लिहिलं होतं, 'आज जाळं अर्धंच. वारा लई होता.' मी लाल शाईनं 'लई' कापून 'खूप' केलं. अजून ते मनात आहे.

तिला पुढे शिकायचं होतं. पदवीचा निकाल लागला त्याच महिन्यात तिचं लग्न झालं. सासरही तसंच, शेळ्यामेंढ्या आणि थोडी शेती. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं तिथंच आहेत.

लग्नानंतरही ती मला फोटो पाठवायची. 'मॅडम, हा कोण?' तिच्या नवऱ्याला, दत्ताला, याचं मोठं कौतुक होतं. गोठ्यातून हाक मारायचा म्हणे, "मंगल, पळ, तुझा पाहुणा आलाय." तो स्वतः चौथीपर्यंत शिकलेला. एकदा दोघं बाजाराला आली तेव्हा माझ्याकडे आली होती. दत्तानं माझ्या परसात फिरून तीन जाळी शोधली आणि तिसऱ्यापाशी म्हणाला, "हा तुमचा निवस्कोना ना मॅडम?" निओस्कोना. रात्री विणून पहाटे लपणारा तपकिरी कोळी, त्यानं बरोबर ओळखला होता. मंगल तोंडाला पदर लावून हसत होती.

सासू गयाबाईला मात्र हे पसंत नव्हतं. चार वर्षांची नात, दोन मुलगे, सून, दारात शेळ्या, आणि परसात ही जाळी. ती झाडू घेऊन निघाली की मंगल आडवी यायची. "आत्याबाई, राहू द्या. डास खातात ते." माझंच वाक्य. मीच वर्गात फळ्यावर लिहून दिलेलं.

सप्टेंबरातली गोष्ट. हवा दमट होती. दत्ता मागच्या पडवीत जमिनीवर गोधडी टाकून झोपला होता. सकाळी पावणेसातला मी चहा घेत होते आणि मंगलचा फोटो आला. गोधडीच्या घडीत बसलेला तपकिरी कोळी. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, यांना रात्री काहीतरी चावलंय. अंथरुणात हा सापडला. विषारी आहे का?'

फोटो पाहून मला पहिल्यांदा वाटला तो आनंद. चावल्याची काळजी नंतर. फोटो चांगला होता. मी लिहिलं, 'निओस्कोना दिसतोय. निरुपद्रवी. घाबरू नका. पोटाकडून एक फोटो पाठव.'

तिनं कोळी बाटलीत घेतला, बाटली उलटी धरली आणि फोटो काढला. दत्तानंच बाटली धरली होती, हे मला नंतर कळलं. सात वाजून दहा मिनिटांनी फोटो आला. काळा चौकोन, पांढरे ठिपके. मी लिहिलं, 'शंभर टक्के निओस्कोना. काही होत नाही.'

सात वाजून पंचवीस मिनिटांनी तिचा मजकूर आला. 'पोटात लई दुखायलंय म्हणतात. आणि डोळ्यावर झोप आहे.'

मी लिहिलं, 'भीतीनं होतं तसं. लिंबूपाणी दे, पडू दे त्यांना.'

हे पाच निरोप मी आजवर कितीदा वाचले असतील. प्राणिशास्त्राच्या माणसाला हे सुचायला हवं होतं. मण्यार नावाचा साप असतो, हे मी मुलांना शिकवलेलं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो आणि बहुतेकदा चावलेलं कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही. सकाळी पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, मग जीभ, मग श्वास. परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न असायचा. पण मला त्या सकाळी विचारलं होतं कोळ्याबद्दल, आणि कोळ्याचं उत्तर मला येत होतं. त्या उत्तरात मी इतकी खूश होते की माणसाकडे बघितलंच नाही.

सव्वानऊला मंगलचा फोन आला. निरोप नाही, फोन. तिला नीट बोलता येत नव्हतं. "मॅडम, त्यांचं डोळं उघडंनात. बोलणं कळंना. जीपमधी घातलंय."

"सरकारी दवाखान्यात आणा. मी पोचते." मण्यार चावली असणार, हे तोवर मला कळलं होतं.

मी रिक्षानं दवाखान्याच्या फाटकाशी गेले. जीप यायला पाऊण तास लागला. दत्ताचा धाकटा भाऊ महादू पुढं बसला होता. मागच्या बाकावर दत्ता आडवा, डोकं मंगलच्या मांडीवर, आणि मंगलच्या मुठीत ती बाटली, डॉक्टरांना दाखवायला आणलेली. स्ट्रेचर आलं, डॉक्टर आले, त्यांनी डोळे उघडून पाहिले, छातीला स्टेथोस्कोप लावला. वाटेतच संपलं होतं.

मंगल अजून जीपमध्येच होती. मला बघून म्हणाली, "मॅडम, फोटो नीट आला न्हवता का? पडवीत उजेड कमी होता."

मी तिचा हात धरून तिला जीपमधून उतरवलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दत्ताच्या कानामागं बोट ठेवून मला दाखवलं. सुईनं टोचल्यासारख्या दोन खुणा, नीट शोधल्याशिवाय न दिसणाऱ्या. "मण्यार असणार," ते म्हणाले. "सकाळीच आणला असता तर..." आणि वाक्य अर्धं सोडून ते पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांनी महादूलाही सांगितलं की सापाचा संशय आहे. महादू नुसता मान हलवत राहिला. साप कुणी पाहिला नव्हता. कोळी सगळ्यांनी पाहिला होता.

मी तिथं कुणालाही सांगितलं नाही की सकाळी पावणेसातला मला निरोप आला होता. सांगायला वेळ होता. शवविच्छेदन होईपर्यंत आम्ही सगळे लिंबाच्या पारावर बसून होतो. मंगलला मी पाणी पाजलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. सगळं केलं, तेवढं एक सोडून.

चौदा दिवसांनी मंगलचा फोन आला. आवाज अगदी खाली होता, घराच्या मागं जाऊन बोलत असावी.

"मॅडम, एकदा येऊन जाता का?"

"काय झालं?"

"आत्याबाई म्हणायल्यात, मीच मारलं त्यांना. म्हणं, जाळी झाडू देत न्हवतीस, कोळी पाळलेस घरात. तेराव्याला सगळे बसले व्हते. मला माहेरी घालवायचं म्हणायलेत." मग थोडं थांबून, "पोरीला ठेवून."

"तो कोळी कुठंय?"

"बाटलीतच हाय. जिवंत हाय अजून. इथं कुणाला त्याला मारवंना बी, सोडवंना बी. मॅडम, तुमी एवढं सांगा की हा तसला न्हाई म्हणून. तुमचं ऐकतील."

मी येते म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र फाटकाच्या पायरीवर बसून राहिले. कोळी निरुपद्रवी आहे हे सिद्ध करणं माझ्यासाठी काहीच अवघड नव्हतं. पण ते सिद्ध झालं की पुढचा प्रश्न येणार हेही दिसत होतं. तो मंगलनं मला कधी विचारला नव्हता. तिला सुचला नव्हता, की सुचूनही तिनं माझ्याकरता तो गिळला होता, हे मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेले. फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत दोन किलोमीटर चालले. पत्र्याचं घर, पुढं शेळ्या, मागं तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांचं कुंपण. परस खरवडून काढल्यासारखा स्वच्छ होता. कुंपणावर, पडवीच्या वाशांवर, लिंबोणीच्या फांद्यांवर, कुठं एक धागासुद्धा नाही.

गयाबाई पडवीत पोत्यावर बसली होती. महादू आणि भावकीतली दोन वयस्कर माणसं होती. मंगल चौकटीआड, तिची मुलगी तिच्या पदराला धरून. बाटली भिंतीतल्या दिवळीत ठेवली होती. झाकणाला भोकं पाडलेली होती. ती दत्तानंच पाडली होती, त्या सकाळी.

मी महादूला बाटली द्यायला सांगितली. झाकण काढून ती तळहातावर कलती केली. पंधरा दिवसांत कोळीण वाळून गेली होती. ती हळूहळू बाहेर आली, माझ्या अंगठ्याच्या मुळाशी थांबली, मग मनगटापर्यंत चालत गेली. सगळे मागं सरकले. एकटी गयाबाई सरकली नाही. ती माझ्या हाताकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होती.

"चावली तरी काही होणार नाही," मी म्हणाले. "मुंगी चावल्यासारखं होईल. हिच्या तोंडात माणसाला मारण्याएवढं बळ नाही. मंगलनं जाळी ठेवली म्हणून तुमचा मुलगा गेला नाही."

"मग माझं लेकरू कशानं गेलं?"

"मण्यार चावली. डॉक्टरांनी कानामागं खूण बघितली. मीही बघितली."

"साप कुणी बघितला व्हता?"

"कुणीच नाही. मण्यार येते, चावते आणि निघून जाते. झोपेतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. त्या रात्री जमिनीवर झोपलेला कुणीही असता तरी..."

तिनं हात वर करून मला थांबवलं.

"म्हंजे तुमाला ठावं व्हतं. सापाचं बी ठावं, कोळ्याचं बी ठावं. मग त्या दिवशी हिच्या फोनवर तुमी कावून सांगितलं, भिऊ नका म्हणून?"

दारातून मंगल म्हणाली, "आत्याबाई, मॅडमला मी नीट सांगितलंच न्हवतं..."

"तू गप."

मी दुसऱ्या हातानं पिशवीतून मोबाइल काढला आणि पाचही निरोप वाचून दाखवले. तिचे आणि माझे. वेळेसकट. 'लिंबूपाणी दे, पडू दे त्यांना' हेही वाचलं. मग म्हणाले, "तिनं सगळं सांगितलं होतं. पोट दुखतंय, झोप येतीय, सगळं. त्याच वेळी मी दवाखान्यात न्या म्हणाले असते तर तो कदाचित वाचला असता. ते दोन तास माझ्यामुळं गेले. मंगलमुळं नाही."

भावकीतल्या एकानं खाकरून दुसरीकडं तोंड केलं. महादू उठून शेळ्यांकडं गेला. माझ्या हातावरची कोळीण धाग्यानं खाली सुटली, जमिनीवर टेकली आणि गयाबाईच्या पायाच्या दिशेनं निघाली. गयाबाईनं पाय मागं घेतला. तिला जाऊ दिलं.

मग गयाबाई दाराकडं न बघताच म्हणाली, "मंगल, पोरीला आत ने. ऊन यायलंय तिच्या डोक्यावर."

पंधरा दिवसांत सासूनं तिला नावानं मारलेली ती पहिली हाक होती, हे मला मंगलच्या चेहऱ्यावरून कळलं. ती मुलीला घेऊन आत गेली.

मग गयाबाई माझ्याकडं वळली. रागावलेली वाटली नाही, थकलेली वाटली. "तुमी खरं बोललात. न्हाई तर कोण सांगतंय असं. पण ह्या दारात परत येऊ नका."

मी हात जोडले आणि निघाले. फाट्यापर्यंत चालताना एकदा मागं वळून पाहिलं. मंगल दारात आली नव्हती. तिनं येऊ नये, हेच बरं होतं.

याला तीन वर्षं झाली. मंगल तिथंच आहे. शेळ्या बघते, मुलगी शाळेत जाते, असं कुणाकुणाकडून कळतं. तिच्याकडून कोळ्याचा फोटो परत कधी आला नाही. पहिल्या दिवाळीला मी शुभेच्छा पाठवल्या. तिनं वाचल्या, उत्तर दिलं नाही. पुढच्या दिवाळीला मी पाठवल्या नाहीत.

लोक अजून बाटल्या घेऊन येतात. आता मी बाटलीकडं आधी बघत नाही. कुणाला चावलंय का, आणि तो माणूस आत्ता कुठं आहे, एवढं विचारते. चावलं असेल तर बाटली हातातही घेत नाही, दवाखान्याकडं बोट दाखवते. लोकांना वाटतं मॅडम म्हाताऱ्या झाल्या, त्यांना आता दिसत नाही. परसात बसते तेव्हा जाळी दिसतात. नावं आपोआप ओठावर येतात, ती मी उच्चारत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या डोंगरपट्ट्यात काम करणाऱ्या एक आशाताई काही कामानं माझ्याकडं आल्या. चहा पिताना सहज सांगायला लागल्या. त्यांच्या भागातल्या एका वस्तीवर सकाळी एका बाईच्या पोटात जोराच्या कळा निघाल्या. घरची माणसं अंथरूण झटकून काय चावलंय ते शोधायला लागली. दोघांनी मोबाइल काढले. तेवढ्यात शेजारची म्हातारी काठी टेकत आली आणि एकाच्या हातावर काठीच मारली.

"काय म्हणाली म्हाईतंय का मॅडम? म्हणाली, फोटू काढू नका, गाडी काढा. शोधाशोध नगं, इचारपूस नगं, आधी दवाखाना. अशी वरडली की तिघांनी उचलूनच गाडीत घातलं बाईला."

"वाचली?" मी विचारलं.

"वाचली की." आशाताई हसायला लागल्या. "साप न्हवताच वो मॅडम. शिळं खाल्लं व्हतं तिनं. डॉक्टर बी हसले. पण आता त्या वस्तीवर कुणाचं नुसतं पोट दुखलं तरी आधी गाडीच काढतात. म्हातारी सोडतच न्हाई कुणाला. गयाबाई म्हणून हाय. लेक गेलाय तिचा." कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुमी वळखता का तिला?"

मी नाही म्हणाले.